काउंटीची मैदानं बघत काढलेला उन्हाळा (इंग्लंडात राहणाऱ्यांनी वाचाच)

पूर्वा_लेस्टर

मंडळी, यूकेतल्या आपल्या लोकांसाठी मुद्दाम हा धागा काढतेय. भारताची टेस्ट आली की शंभर-शंभर पौंड मोजून आपण लॉर्ड्स नाहीतर एजबॅस्टन गाठतो, ढोल, झेंडे, निळे टीशर्ट, मजा येतेच, त्याबद्दल काहीच म्हणणं नाही. पण त्याच वर्षी एप्रिलपासून सप्टेंबर संपेपर्यंत आपल्या घरापासून तासा-दोन तासांवर चार-चार दिवसांच्या मॅचेस चालू असतात आणि तिथे आपलं माणूस शोधून सापडत नाही. मला हे फार लागतं, कारण आपल्या क्रिकेटचा केवढा तरी इतिहास याच मैदानांवर घडलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. काउंटी म्हणजे इथला जिल्हा, आणि या जिल्ह्यांच्या टीम्सची चार-चार दिवसांच्या मॅचेसची स्पर्धा म्हणजे काउंटी चॅम्पियनशिप. १८ काउंट्या, दोन डिव्हिजन, वरच्यात १० आणि खालच्यात ८, प्रत्येकाच्या १४ मॅचेस. सकाळी ११ ला खेळ सुरू, १ वाजता चाळीस मिनिटांचा लंच, मग टी, दिवसाला ९६ ओव्हर्स. तिकीट साधारण वीस-पंचवीस पौंड आणि टीनंतर बऱ्याच ठिकाणी अगदी स्वस्तात किंवा फुकटच आत सोडतात. डबा घरून नेता येतो, मी थालीपीठ आणि लोणचं नेते, चहाचा थर्मास नेते, गेटवर कोणी अडवत नाही.

२०२५ च्या सीझनला मी ठरवून फिरले. घरचं मैदान ग्रेस रोड, त्यामुळे सुरुवात लेस्टरशायरपासून, आणि वर्षही काय मिळालं, २००३ नंतर पहिल्यांदा आमची टीम वरच्या डिव्हिजनमध्ये गेली, तीही डिव्हिजन टू जिंकून! इथले म्हातारे मेंबर ही गोष्ट एकमेकांना पुन्हा पुन्हा सांगत होते. आदल्या वर्षी अजिंक्य रहाणे आमच्याकडून खेळला होता, त्याने कार्डिफला ग्लॅमॉर्गनविरुद्ध शंभर केले ते लोकांच्या अजून लक्षात आहे, मी मुंबईची म्हटल्यावर पहिला प्रश्न त्याचाच येतो.

पण मला सांगायचंय ते त्याहून जुनं. ग्रेस रोडवरून चालत जाण्याच्या अंतरावर एलस्टन रोडचं मैदान आहे, दुसऱ्या महायुद्धाआधी लेस्टरशायर तिथे खेळायची. १९११ साली पहिली ऑल इंडिया टीम इंग्लंडला आली, पटियाळाचे महाराज कॅप्टन, आणि त्या टीमने लेस्टरशायरला हरवलं तेव्हा आपल्या बाळू पालवणकरांनी मॅचमध्ये ११ विकेट्स काढल्या. त्या अख्ख्या दौऱ्यात त्यांच्या शंभरावर विकेट्स आहेत. ज्या माणसाला पुण्यात मैदानावर बॉल हातात देत होते पण चहा मात्र, दलित म्हणून, पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात, तो माणूस इथे येऊन काउंट्यांच्या बॅट्समनना नाचवून गेला. लेस्टरमध्ये एवढे भारतीय राहतात, मी ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्यातल्या एकालाही माहीत नव्हतं.

पुढे टॉन्टन, वूस्टर, होव्ह, स्कारबरो इथे गेले. प्रत्येकाबद्दल लिहिते सवडीने. तुम्ही गेला असाल तर तुम्हीही लिहा.

कांगा_लीग_फॅन

वा पूर्वा! टॉन्टनचं लिही आधी. १९११ च्या दौऱ्यातला दुसरा विजय तिथलाच ना? आणि एक भर घालतो, मुंबईतल्या आमच्या कांगा लीगला ज्यांचं नाव आहे ते डॉ. होर्मसजी कांगा त्याच १९११ च्या टीममध्ये होते. आझाद मैदानात भर पावसाळ्यात चिखलात खेळणाऱ्या पोरांना हे कोणीतरी सांगायला पाहिजे.

पूर्वा_लेस्टर

हो हो तिथलाच. सॉमरसेटविरुद्ध एका विकेटने जिंकले आणि बाळूंचे धाकटे भाऊ शिवराम यांनी नाबाद ११३ केले. म्हणजे त्या दौऱ्यात आपण पहिल्या दर्जाच्या काउंट्यांविरुद्ध जे दोन विजय मिळवले, एक मोठ्या भावाच्या बॉलिंगवर आणि एक धाकट्याच्या बॅटिंगवर. टॉन्टनला व्हिव्ह रिचर्ड्सच्या नावाचं गेट आहे, जोएल गार्नरच्या नावाचं आहे, ते असायलाच पाहिजे, पण शिवरामांची एक छोटी पाटी तरी असावी असं मला मनापासून वाटतं.

मैदान म्हणाल तर गावाच्या मधोमध. स्टेशनवरून पंधरा मिनिटं चालत. एका बाजूला सेंट जेम्स चर्चचा मनोरा अगदी कुंपणाला लागून, मागे टोन नदी, लांबवर क्वांटॉकच्या टेकड्या. १९९९ च्या वर्ल्ड कपमध्ये गांगुली १८३ आणि द्रविड १४५, ती ३१८ ची पार्टनरशिप इथलीच, आणि गांगुलीचे सिक्स नदीकडे कसे जात होते ते तिथे बसल्यावर कळतं, स्ट्रेट बाउंड्री खरंच जवळ आहे. आणि १९८० मध्ये सुनील गावस्कर सॉमरसेटकडून एक सीझन खेळले. माझ्या शेजारी बसलेल्या बाईंनी ते पाहिलेले होते! त्या म्हणाल्या, तो हेल्मेट घालत नसे आणि पुढचं पाऊल अगदी थोडंच टाकायचा पण बॉल नेहमी डोळ्याखाली. चाळीस-पंचेचाळीस वर्षांनी माणसाला पाऊल किती पुढे पडायचं ते आठवतंय, मी तर बघतच राहिले त्यांच्याकडे.

टॉन्टनला स्पिन जास्त चालतो म्हणून त्याला सायडराबाद म्हणतात (सायडर हे तिथलं सफरचंदाचं पेय, अधिक आपलं हैदराबाद), मी गेले त्या दिवशीही दुपारनंतर दोन्हीकडून स्पिनर. आणि इथे मला पहिल्यांदा कळलं की टीव्हीवर आपण क्रिकेट अर्धंच बघतो. मी बाउंड्रीच्या दोरीपासून दोन हात लांब, डीप पॉइंटचा, म्हणजे ऑफ साइडला बाउंड्रीवर उभा राहणारा फील्डर पोरगा माझ्यासमोर. बॉलर रनअपला निघाला की तो दोन पावलं चालायचा, प्रत्येक बॉलला, न चुकता, आणि बॅट्समनचा मागचा पाय जरा हलला की हा आधीच उजवीकडे झुकलेला. सत्तर-ऐंशी ओव्हर्स त्याच्याकडे मोजून चार-पाच बॉल आले असतील तरी एक बॉल त्याने सोडला नाही चालल्याशिवाय. टीव्हीवर हा मुलगा दिसतच नाही हो. बॉल आला तरच दिसतो.

सदाशिव_काका_७१

पूर्वा बेटा, फार सुंदर लिहितेस. मी पुण्यात असतो, दोन वर्षांपूर्वी मुलाकडे लंडनला राहून आलो तेव्हा ओव्हलला सरेची मॅच बघितली दोन दिवस. माझ्या पिढीला ओव्हल म्हणजे १९७१. रेडिओला कान लावून बसायचो, चंद्राच्या (भागवत चंद्रशेखर) ३८ धावांत ६ विकेट्स, वाडेकर कॅप्टन, आणि शेवटच्या दिवशी गणेश चतुर्थी! घरात आरती चालू आणि माझं सगळं लक्ष ट्रान्झिस्टरकडे, आईचा मार खाल्ला होता. त्याच दिवशी लोकांनी प्राणिसंग्रहालयातून बेला नावाची हत्तीण आणून मैदानावर फिरवली होती. आपण जिंकलो, इंग्लंडमधला पहिला टेस्ट विजय.

पण ओव्हलवर काउंटीच्या दिवशी जाऊन बसलो तेव्हा मला आठवली ती १९४६ ची मॅच, माझे वडील सांगायचे. दौऱ्यावर आलेल्या आपल्या टीमच्या सरेविरुद्ध नऊ विकेट पडल्या २०५ ला, आणि शेवटची जोडी चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी, दहाव्या आणि अकराव्या नंबरचे. दोघांनीही शंभर केले, २४९ ची पार्टनरशिप. दहा आणि अकरा नंबरने एकाच डावात शतकं काढणं हे फर्स्ट क्लासमध्ये दुसऱ्या कुणी केलेलं नाही. ती टेस्ट नव्हती, काउंटीशी मॅच होती, म्हणून आज कुणी बोलत नाही. तुझं म्हणणं अगदी खरं आहे, आपला इतिहास टेस्टच्या बाहेर फार पसरलाय.

मिडऑफ

काका, ओव्हलच्या पिचचं मात्र २०२५ ला काही खरं नव्हतं. मी जूनअखेरीस गेलो होतो, डरहमविरुद्ध सरेने ९ बाद ८२० वर डाव सोडला, डॉम सिबली ३०५. सरेच्या इतिहासातला सगळ्यात मोठा स्कोअर, १८९९ चा ८११ चा मोडला. रेकॉर्ड बघायला मिळाला ठीक आहे पण कुकाबुराचा बॉल (ऑस्ट्रेलियन बनावटीचा, कमी हलणारा), रणरणतं ऊन, पिच पाटा, बॉलरची दया येत होती. नेहमीचा ड्यूक्स (इंग्लंडमधला, जास्त स्विंग होणारा बॉल) असता तर मॅच झाली असती. बॉलरला परदेशात कुकाबुरावर विकेट काढायची सवय लागावी म्हणून २०२५ पर्यंत काही फेऱ्या त्याने खेळवायचे, हेतू पटतो, पण बघणाऱ्यासाठी अवघड होतं.

पूर्वा_लेस्टर

मिडऑफ, मला उलट वाटतं. एप्रिलमध्ये ड्यूक्सवर ७५ मैलांच्या स्पीडने बॉल टाकणारा कोणीही पाच विकेट काढतो, मग तोच बॉलर पुढे कुठे दिसत नाही. आपल्याकडचे बॉलर जुन्या बॉलने, मेलेल्या पिचवर विकेट काढायला शिकतात ते रणजीत घासूनच ना? ८२० होताना बघणं कंटाळवाणं झालं असेल हे मान्य, पण तो प्रयोग मला चुकीचा वाटत नाही.

मिडऑफ

रणजीत एसजी (भारतीय बनावटीचा बॉल) असतो, कुकाबुरा नाही, पण मुद्दा कळला :) नाही पटला पूर्ण. ८२० च्या पुढे जाऊन मॅच शेवटी ड्रॉच.

गौरी_साउथॅम्प्टन

रहाणेचा विषय निघाला म्हणून लिहिते. २०१९ च्या मे महिन्यात तो हॅम्पशायरकडून पहिली मॅच खेळला ती साउथॅम्प्टनला नव्हतीच, आयल ऑफ वाइटवर न्यूपोर्टजवळ होती, नॉटिंगहॅमशायरविरुद्ध. आम्ही तिघी मैत्रिणी फेरीने गेलो, मग बस. तात्पुरते उभे केलेले तंबू, लाकडी खुर्च्या, आजूबाजूला शेतं. दुसऱ्या डावात त्याने ११९ केले. आउट होऊन येताना तंबूजवळून गेला तेव्हा आम्ही मराठीत ओरडलो "मस्त खेळलास रे", त्याने मान वर करून बघितलं आणि हसला. टेस्टला हे शक्य आहे का सांगा!

अशी बाहेरची मैदानं कमी होत चाललीत याचं फार वाईट वाटतं. क्लबच्या मैदानावर चार दिवस मॅच ठेवायची म्हणजे स्टँड भाड्याने, टॉयलेट भाड्याने, पिच बनवायला माणूस, खर्च परवडत नाही म्हणून काउंट्या आपल्या मुख्य मैदानावरच खेळतात.

पूर्वा_लेस्टर

गौरी, अगदी. म्हणूनच मी स्कारबरो यादीत टाकलं होतं. यॉर्कशायर दर वर्षी तिथे समुद्राकाठी नॉर्थ मरीन रोडवर खेळते. आणि खरं सांगायचं तर जुलैतल्या सरेच्या मॅचचं ठरवलं ते ऋतुराज गायकवाडसाठी. तो यॉर्कशायरकडून खेळणार असं जाहीर झालं होतं, स्कारबरोपासूनच सुरुवात होती, मग वैयक्तिक कारणाने त्याला येता आलं नाही. प्रत्येकाच्या घरच्या गोष्टी असतात, त्याच्याबद्दल तक्रार नाही, पण हॉटेल बुक होतं म्हणून गेले आणि फार बरं झालं गेले.

तिथे माणसं भरपूर! कामाच्या दिवशी हजारोंनी. लाकडी बाकं, तीही घासून गुळगुळीत झालेली, लोक घरून उशी आणतात. अंगणात बसल्यासारखं सगळं चालतं, कुणी विणकाम करतंय, कुणी पेन्सिलने स्वतःची स्कोअरशीट भरतंय. प्रत्येक विकेटनंतर माझ्या पुढचे गृहस्थ शेजाऱ्याला विचारायचे, बॉल किती ओव्हर जुना आहे, आणि शेजारी न बघता उत्तर द्यायचा. सीगल पक्ष्यांपासून चिप्स सांभाळाव्या लागतात हे एक.

लंच झाला की दोरी ओलांडून सगळे मैदानात. हे मला सगळ्यात आवडलेलं. पोरांच्या दहा-बारा मॅचेस एकाच वेळी आउटफील्डवर सुरू, प्लास्टिकच्या बॅटी, टेनिस बॉल. आणि मोठी माणसं पिचकडे. पिचभोवती दोरी लावतात, तिथून वाकून बघायचं. मी पण गेले. फास्ट बॉलरच्या लँडिंगने डाव्या हाताच्या बॅट्समनच्या ऑफ स्टंपबाहेर बशीएवढा खड्डा पडला होता, कडा कुरतडल्यासारख्या, आतली माती कोरडी आणि फिकट. ग्राउंड्समन हातोडीसारख्या ठोकणीने तो ठोकून सारखा करत होता. लंचनंतर स्पिनरला आणलं तेव्हा तो बॉल नेमका कुठे टाकायचा प्रयत्न करतोय हे मला आधीच कळत होतं, कारण खड्डा मी बघून आले होते! एवढी मॅच मला आयुष्यात कधी कळली नव्हती.

यॉर्कशायरचं अजून एक, १९९२ मध्ये त्यांचा पहिला परदेशी खेळाडू आपला सचिन, १९ वर्षांचा. त्याआधी यॉर्कशायरमध्ये जन्मलेल्यांनाच घ्यायचं अशी त्यांची परंपरा. तिथल्या वयस्क लोकांना अजून त्याचं कौतुक आहे, पोरगा नम्र होता म्हणतात.

इंद्रायणीकाठ

छान धागा. पण एक मनात येतं ते बोलतो, इथे पुण्याजवळ गहुंजेला महाराष्ट्राची रणजी मॅच असते, आत जायला पैसे पडत नाहीत, तरी स्टँडमध्ये मोजकी माणसं. काउंटीचं कौतुक करताना आपल्या घरचं पण बघायला हवं. मी गेल्या सीझनला ऑफिसमधून रजा काढून गेलो होतो, सावली कुठे आहे ते शोधण्यातच पहिला तास गेला, पाण्याची बाटली आत नेता येईना.

पूर्वा_लेस्टर

तुमचं शंभर टक्के खरं. इथे लोक येतात कारण त्यांना यावंसं वाटेल अशी सोय केलेली असते, सावली, चहा, टॉयलेट, ज्येष्ठांना बसायला नीट जागा, हातात स्कोअरकार्ड. त्याला फार मोठा पैसा लागत नाही. गहुंजेला वेताच्या चार खुर्च्या आणि झाडाखाली पाण्याचा माठ ठेवला तरी पुण्यातले निवृत्त लोक रोज येतील, ही माझी खात्री आहे. माझे बाबाच पहिले येतील.

सदाशिव_काका_७१

मी दुसरा!

नॉर्थॅम्प्टनचा_राजू

आमच्याकडे पण या कधीतरी. २०२३ च्या ऑगस्टमध्ये पृथ्वी शॉने सॉमरसेटविरुद्ध वन डे कपमध्ये २४४ मारले ते मी डोळ्यांनी पाहिलेत. बॉल पार्किंगमध्ये जात होते. हंड्रेड (शंभर बॉलच्या मॅचेसची लीग) चालू असताना मोठे खेळाडू तिकडे असतात त्यामुळे वन डे कपला कोणी फिरकत नाही, पण तेव्हाच असं काही होऊन जातं.

मिडऑफ

हंड्रेडने ऑगस्ट खाल्ला हे मात्र दुःख आहे. सगळ्यात चांगलं हवामान असताना चॅम्पियनशिप बंद, आणि एप्रिलमध्ये स्वेटरवर स्वेटर घालून बसायचं. १४ च्या १३ मॅचेस करायचं चाललं होतं, काउंट्यांनी २०२५ च्या सप्टेंबरमध्ये ते नाकारलं, तेवढं तरी बरं झालं.

कांगा_लीग_फॅन

होव्हबद्दल नाही लिहिलंस? आपली रणजी आणि दुलीप, दोन्ही ट्रॉफींची नावं तिथल्याच खेळाडूंची ना.

पूर्वा_लेस्टर

हो, होव्ह हे ससेक्सचं मैदान, आणि रणजितसिंहजी, दुलीपसिंहजी दोघेही ससेक्सचे. दुलीपसिंहजींनी १९३० मध्ये होव्हला एका दिवसात ३३३ काढल्या, नॉर्थॅम्प्टनशायरविरुद्ध. आणि आत्ताचा म्हणाल तर पुजारा, २०२२ मध्ये भारतीय टीममधून वगळल्यावर इथे आला आणि आठ मॅचेसमध्ये १०९४ रन्स, त्यात तीन डबल सेंच्युऱ्या. होव्हला त्याचं नाव काढलं की चेहरे फुलतात. मैदान समुद्राकडे उतरतं, उतार डोळ्यांनी स्पष्ट दिसतो, आणि एका बाजूला निळ्या-पांढऱ्या डेकचेअर्स. हवा बदलली की बॉल अचानक स्विंग व्हायला लागतो, लोक आधी आकाशाकडे बघतात आणि मग स्लिपमध्ये किती उभे केले ते.

वूस्टरचंही राहिलं. न्यू रोड, नदीपलीकडे कॅथेड्रल, फोटोत दिसतं त्याहून जवळ. सेव्हर्नला पूर आला की मैदान पाण्याखाली, २०२४ ला त्यांना सुरुवातीच्या मॅचेस किडरमिन्स्टरला न्याव्या लागल्या. ब्रॅडमनने १९३०, १९३४ आणि १९३८ ला दौऱ्याची सुरुवात इथेच केली आणि तिन्ही वेळा डबल सेंच्युरी. आणि आपल्या श्रीरामपूरचा झहीर! २००६ मध्ये टीमबाहेर होता, वूस्टरशायरकडून ७८ विकेट्स काढल्या आणि पुढे २०११ पर्यंत तो कसा बॉलर झाला ते आपण सगळ्यांनी पाहिलं. मला विचाराल तर त्या सीझनचा आपल्या वर्ल्ड कपमध्ये वाटा आहे. तिथल्या लेडीज पॅव्हेलियनमधला केक खाल्ल्याशिवाय परत येऊ नका, रांग लागते टीच्या आधी, त्यामुळे साडेतीनलाच उठा.

शलाका_रेडिंग

पूर्वा ताई, १९८३ च्या वर्ल्ड कपमधल्या कपिलच्या १७५ चं मैदान बघता येतं का? नवऱ्याला वाढदिवसाला न्यायचंय. रेकॉर्डिंग नाही त्या मॅचचं, त्यामुळे त्याला निदान जागा तरी बघायचीय.

पूर्वा_लेस्टर

येतं की! टनब्रिज वेल्सचं नेव्हिल ग्राउंड. केंटच्या मॅचेस तिथे क्वचित असतात पण क्लबचं मैदान आहे, शनिवारी क्लबची मॅच असते, बाउंड्रीभोवती फिरता येतं. जूनच्या सुरुवातीला जा, ऱ्होडोडेंड्रॉनची झाडं फुललेली असतात. १८ जून १९८३, १७ ला ५ विकेट, आणि तिथून ८ बाद २६६, किरमाणींबरोबर नवव्या विकेटला नाबाद १२६. बाउंड्री किती आहे ते चालत मोजायला लावा त्याला.

क्लबच्या मॅचेसबद्दल एवढंच सांगते, शनिवारी कुठल्याही खेड्यात जा, हिरवळीवर मॅच असतेच, तिकीट नाही काही नाही. साइटस्क्रीन खेळाडूच ढकलतात, अंपायर बॅटिंग साइडचा, टीला सँडविच आणि स्कोन. चौकशी केलीत तर चहा तुम्हालाही देतात.

शलाका_रेडिंग

थँक्यू ताई!! अजून एक, सासूबाई-सासरे मे मध्ये येतायत, सासऱ्यांना क्रिकेटचं वेड आहे पण गुडघे दुखतात. त्यांना कुठे नेऊ?

पूर्वा_लेस्टर

होव्हला नको, डेकचेअर खोल असते, गुडघेवाल्यांना उठता येत नाही, आणि चढ आहे. स्कारबरोची बाकं पाठीला त्रास देतील. वूस्टर बेस्ट, सगळं सपाट, फोरगेट स्ट्रीट स्टेशनवरून पूल ओलांडून पंधरा-वीस मिनिटं, नाहीतर सरळ टॅक्सी. पॅव्हेलियनच्या बाजूला ऊन पाठीवर येतं. मे मध्ये पण गार वारा असतो, शाल आणि मफलर दोघांनाही हवाच, आणि बसायला पातळ उशी. फिक्श्चर्स साधारण नोव्हेंबरमध्ये लागतात, लागले की मला विचारा, पहिल्या किंवा दुसऱ्या दिवसाचंच तिकीट काढा, चौथ्या दिवशी मॅच लवकर संपली तर सासरेबुवा हिरमुसतील.

सदाशिव_काका_७१

आणि शलाका, सासऱ्यांना दुर्बीण दे. मी नेली नव्हती, मुलाची मागून घ्यावी लागली दुसऱ्या दिवशी.